कंदील का विझला?

तिसरी घंटा झाली होती. स्टेजवर अंधार, प्रेक्षागृहात कुजबुज, आणि विंगेत आमच्या एकांकिकेची नायिका हातात कंदील घेऊन उभी. पहिली चार मिनिटं स्टेजवर दुसरा लाइटच नव्हता. प्रकाशयोजना तशीच बांधली होती, फक्त कंदील आणि तिचा चेहरा. ती एंट्री घेणार तेवढ्यात मी कंदिलाचा स्विच दाबला. लख्ख उजेड पडला, तालमीत पडायचा त्यापेक्षा जास्तच. मी खूश! आणि दोन-तीन सेकंदांत आतले चारही एलईडी गेले.

पोरीने विझलेला कंदील हातात धरून सीन केला. लाइटवाल्याने घाईघाईत एक स्पॉट दिला आणि प्रयोग कसाबसा पार पडला. पण मेकअप उतरायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी कंदील बनवणाऱ्या मित्राला घेरलं. 'एक कंदील धड करता येत नाही?' हे वाक्य माझंच होतं. तो काहीच बोलला नाही. त्या वर्षानंतर तो ग्रुपमध्ये परत आलाही नाही.

आता दोन गोष्टी कबूल करते. पहिली, त्याने आठवडाभर आधी सांगितलं होतं की एलईडीला रेझिस्टर लावायचेत, ते आणायला एक संध्याकाळ द्या. आम्ही म्हणालो, 'आत्ता चालतंय ना? मग राहू दे.' दुसरी, प्रयोगाच्या दिवशी बॅटरी मी बदलली होती. कुणालाही न सांगता. तालमीत आम्ही जुन्या मल्टिमीटरमधून काढलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरत होतो. मला वाटलं, आज स्पर्धा आहे, नवी कोरी टाकू. कंदील त्याच्यामुळे विझला नाही. तो आमच्या 'चालतंय ना'मुळे विझला.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सीझन तोंडावर आलाय. एकांकिका स्पर्धा, मग गणपतीची आरास, दिवाळीचा आकाशकंदील, नंतर कॉलेज फेस्ट आणि कॉस्प्ले. तुमच्यापैकी कुणीतरी एलईडीची प्रॉपर्टी बनवणार आहे: मशाल, जादूची कांडी, आयर्नमॅनच्या छातीवरचा गोल दिवा. आणि कुणीतरी नक्की म्हणणार आहे, 'अरे, डायरेक्ट जोड. चालतंय की!'

तर आधी बघू, तालमीत चालत होतं ते कशामुळे.

लपलेला रेझिस्टर

साधा बल्ब स्वतःला सांभाळून घेतो. त्याची तार तापते तसा तिचा रोध वाढतो आणि करंट आटोक्यात राहतो. एलईडीचं तसं नाही. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ बंदच असतो. ती पातळी ओलांडली, की व्होल्टेज जरासं वाढलं तरी करंट भसाभस वाढतो. त्याला स्वतःहून थांबता येत नाही, बाहेरून कुणीतरी थांबवावं लागतं. ते काम रेझिस्टरचं.

मग आमचा कंदील तालमीत दोन आठवडे कसा चालला? बॅटरी थकलेली होती म्हणून. बॅटरी संपत येते तसा तिच्या आतला रोध वाढत जातो. म्हणजे आमच्या कंदिलात रेझिस्टर नव्हता असं नाही, तो त्या म्हाताऱ्या बॅटरीच्या पोटात लपला होता. मी नवी बॅटरी टाकली आणि नेमका तोच काढून फेकला. नव्या अल्कलाइन बॅटरीने जेवढा करंट देता येईल तेवढा दिला आणि एलईडी जळाले.

यातून पहिला धडा हा, की एखादी गोष्ट चालते यावरून ती बरोबर आहे असं ठरत नाही. ती कशामुळे चालते हे सांगता आलं, तरच ती उद्याही चालेल याचा भरवसा.

गणित नववीचंच आहे

'आम्ही आर्ट्सवाले, आम्हाला यातलं काय कळणार?' हे कारण मीही खूप वर्षं वापरलं. पण महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या विज्ञानात धाराविद्युतचा धडा आपण सगळ्यांनी वाचलाय. ओहमचा नियम पाठ करून दोन मार्कही घेतलेत. इथे लागतं तेवढंच.

बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा. जे उरेल त्याला हव्या त्या करंटने भागा. आलेलं उत्तर म्हणजे रेझिस्टर किती ओहमचा हवा ते.

एलईडीचे व्होल्ट रंगावर ठरतात. लाल, नारिंगी, पिवळा यांना साधारण २ व्होल्ट लागतात. निळा, पांढरा आणि आजकालचा गडद हिरवा यांना ३ ते ३.४, म्हणजे हिशोबाला ३.२ धरा. निळ्या प्रकाशाच्या प्रत्येक कणाची ऊर्जा लालपेक्षा जास्त असते, म्हणून त्याला व्होल्टेजही जास्त लागतं. आणि बहुतेक पांढरा एलईडी आतून निळाच असतो, वर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो. हा निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना लाल एलईडीनंतर जवळपास तीस वर्षं लागली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण तो दुकानातून मूठभर आणतो आणि विंगेत जाळतो!

आता करंट. नेहमीच्या ५ मिलिमीटरच्या एलईडीची सततची मर्यादा साधारण २० मिलिअँपिअर असते. मर्यादेवर चालवायची गरज नाही, १५ धरा. अंधाऱ्या स्टेजवर पाच-सहासुद्धा पुरतात, कारण करंट निम्मा केला म्हणून डोळ्याला उजेड निम्मा वाटत नाही. उलट २० वर चालणारा पांढरा एलईडी पहिल्या रांगेतल्या परीक्षकांच्या डोळ्यांत घुसतो आणि नटाचा चेहरा कुणाला दिसतच नाही.

आमचाच कंदील घ्या. बॅटरी ९ व्होल्ट, पांढरा एलईडी ३.२. उरले ५.८. करंट १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर. भागाकार केला की साधारण ३८७ ओहम. या आकड्याचा रेझिस्टर दुकानात मिळत नाही, त्याच्या वरचा ३९० चा मिळतो. तो घ्या. नेहमी वरच्या बाजूला जा, खालच्या नाही. रेझिस्टरवर उष्णता किती होते? ५.८ गुणिले ०.०१५, म्हणजे ०.०९ वॉटच्याही आत. नेहमीचा पाव वॉटचा रेझिस्टर आरामात झेपवतो.

झालं. एवढंच होतं ते. माझ्या मित्राला यासाठीच एक संध्याकाळ हवी होती.

बॅटरी कोणती?

बहुतेक जण आधी बॅटरी उचलतात, हाताला लागेल ती, आणि मग बाकीचं तिच्याभोवती बसवतात. उलट करा. आधी विचारा: एलईडी किती, कोणत्या रंगाचे, किती वेळ चालायला हवेत आणि प्रॉपर्टीमध्ये जागा किती?

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी प्रॉपर्टीवाल्यांची लाडकी, कारण क्लिप लावली की काम झालं. पण ती आतून अगदीच किरकोळ. चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्टमध्ये साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात, स्वस्तातल्या साध्या बॅटरीत त्याहून कमी. पेन्सिल सेल, म्हणजे एए, अल्कलाइन असेल तर त्यात साधारण २,००० च्या वर असतात. शिवाय ९ व्होल्टवर एकटा पांढरा एलईडी चालवला, तर ९ पैकी ५.८ व्होल्ट रेझिस्टरमध्येच जातात. शंभरातले चौसष्ट रुपये नुसती उष्णता करण्यात गेले म्हणा ना.

ते वाचवायचे असतील तर दोन पांढरे एलईडी एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडा. आता एलईडीचे व्होल्ट झाले ६.४, उरले २.६, रेझिस्टर १८० ओहम. तेवढ्याच करंटमध्ये दोन एलईडी पेटले. लाल असतील तर तीन जोडा: ६ व्होल्ट, उरले ३, रेझिस्टर २०० किंवा २२०. पण तीन पांढरे ९ व्होल्टवर सिरीजमध्ये जोडायला जाऊ नका. त्यांना लागतात ९.६, आणि तेवढे तुमच्याकडे नाहीत.

तीन पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. एका पांढऱ्या एलईडीला ही जोडी छान जमते. उरतात १.३, रेझिस्टर निघतो ८७ ओहम. १०० चा घेतलात की १३ मिलिअँपिअर. चार एलईडीचा कंदील असेल तर चौघांना मिळून ५२ मिलिअँपिअर. कागदावर तरी ३५ तासांच्या वर जातो हा हिशोब. तालमी धरून अख्खा सीझन निघेल.

मात्र यात एक अट आहे. वापरून सेल १.२ व्होल्टवर आले, की तिघांचे मिळून ३.६ च होतात. एलईडीचे ३.२ गेले की रेझिस्टरला उरले ०.४, आणि करंट येतो चारेक मिलिअँपिअरवर. म्हणजे कंदील मंद होत जाणार. नाटकाला ते चालेल का, हे आधीच ठरवा. नेमकं याच कारणाने दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, पांढरा एलईडी भरवशाचा नाही. सुरुवातीलाच व्होल्टेज काठावर असतं. लाल मात्र दोन सेलवर व्यवस्थित चालतो, ६८ ओहम लावून.

उजेड शेवटपर्यंत एकसारखा हवा असेल तर पॉवर बँक बघा. ती संपेपर्यंत ५ व्होल्टच देते. पांढऱ्याला १२० ओहम, लालला २२०. फक्त बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी ओढला जातोय असं दिसलं, की काही वेळाने आपोआप बंद होतात. त्यांना वाटतं, फोन चार्ज झाला. त्यामुळे अर्धा तास सलग चालवून बघितल्याशिवाय तिला स्टेजवर नेऊ नका.

दुकानात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरणार असाल तर वेगळा रेझिस्टर नको. तिच्यावर साधारणपणे तीन-तीन एलईडींच्या गटाला तो आधीच बसवलेला असतो. म्हणून तर ती खुणेवरच कापायची असते. पण तिला १२ व्होल्टच लागतात. ९ व्होल्टची बॅटरी लावून 'पट्टीच खराब निघाली' म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: दहा एलईडी शेजारी शेजारी जोडायचे आणि सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावायचा. दोन एलईडी कधीच अगदी सारखे नसतात. ज्याचं व्होल्टेज जरासं कमी, तो जास्त करंट खातो. तो तापतो, मग आणखी खातो. तो गेला की त्याचा वाटा बाकीच्यांच्या माथी. हे ग्रुपमध्येही होतं, नाही का? एकालाच सगळं ओढायला लावायचं. म्हणून प्रत्येक शाखेला तिचा स्वतःचा रेझिस्टर.

अंगावर बॅटरी घालताना

इथपर्यंतची चूक झाली तर फार तर एलईडी जातो. पुढची चूक माणसाला भोवू शकते.

जुन्या लॅपटॉपमधले किंवा पॉवर बँकेतले लिथियम सेल काढून ते कॉश्च्युममध्ये वापरायचं फॅड आहे. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, म्हणजे आकड्यात अगदी साधा वाटतो. पण शॉर्ट झाला तर तो अनेक अँपिअर करंट सोडतो. तार लाल होते, सेल पेट घेऊ शकतो. आणि हा सेल असतो कुठे? तुमच्या मित्राच्या छातीवर, फोमच्या आणि नायलॉनच्या कपड्यात, चेन पाठीमागे, जी त्याला स्वतःला उघडता येत नाही.

सुटे लिथियम सेल अंगावर नकोत. पेन्सिल सेल होल्डरमध्ये बसवा किंवा धडकी पॉवर बँक घ्या. उघडा जोड एकही ठेवू नका, वर टेप किंवा स्लीव्ह हवीच. स्विच घालणाऱ्याच्या हाताशी येईल असा ठेवा आणि बॅटरी एका झटक्यात बाहेर काढता आली पाहिजे. ९ व्होल्टची बॅटरी किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, तिची दोन्ही टोकं शेजारी शेजारी असतात. आणि बटण सेल वापरून झाले की मोजून परत घ्या. लहान मुलाने गिळला तर बटण सेल दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकतो. बालनाट्य करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

प्रश्न रेझिस्टरचा नाहीच

खरं सांगायचं तर रेझिस्टर एक-दोन रुपयांत मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जा, मूठभर घेऊन याल. प्रश्न तो आणायला एक संध्याकाळ कुणाला दिली जाते का, हा आहे.

आपल्या ग्रुपमध्ये लेखकाला वेळ मिळतो. दिग्दर्शक एका एंट्रीसाठी तीन तास भांडतो. प्रॉपर्टीवाल्याला मात्र शेवटचे दोन दिवस, उरलेले पैसे आणि चुकलं तर सगळा राग. तो 'थांबा, हे बरोबर नाही' म्हणतो तेव्हा आपल्याला तो कटकट करतोय असं वाटतं. खरं तर तेव्हा ग्रुपमधला तो एकटाच माणूस हिशोब करत असतो. उद्या हाच आपला स्वभाव ऑफिसात आणि साइटवर जाणार आहे. 'चालतंय ना' म्हणणारे तिथेही आपणच असू आणि मागून ओरडा खाणाराही कुणीतरी असेलच.

म्हणून या सीझनला तीन गोष्टी करा. एक, ग्रुपच्या खर्चातून एक साधा मल्टिमीटर आणि १०० ते ४७० ओहमचे थोडे थोडे रेझिस्टर घेऊन ठेवा. ते पुढच्या बॅचलाही वापरता येतील. दोन, रंगीत तालीम नव्या कोऱ्या बॅटरीवर करा आणि प्रयोगाएवढा वेळ सलग चालवून बघा. तिसरी गोष्ट फुकट आहे: प्रॉपर्टी जो बनवतो त्याला विचारल्याशिवाय तिच्यातलं काहीही बदलू नका. बॅटरीसुद्धा.

आणि तुमच्या कॉलेजात फिजिक्सची लॅब असेल तर तिथल्या सरांना किंवा मॅडमना एक तास मागा. नाटकवाली पोरं ओहमचा नियम विचारायला आली, तर त्यांना आनंदच होईल.

हा लेख द्यायच्या आधी मी तो माझ्या त्या मित्राला पाठवला. दोन वर्षांनी पहिला मेसेज, तोही एवढा लांबलचक. बॅटरी मीच बदलली होती, हे त्याला यातूनच कळलं. संध्याकाळी उत्तर आलं. कंदिलाबद्दल अक्षर नाही. एकच दुरुस्ती होती: 'नवा अल्कलाइन सेल मीटरवर १.५ नाही, १.६ च्या आसपास दाखवतो. तीन मिळून ४.८ होतात. तुझ्या १०० ओहमला १६ मिलिअँपिअर येईल, चालेल. पण मोजून घ्या असं लिही.'

तर, मोजून घ्या.